सातबारा क्लिअर आहे, पुढे काय?

महाड-पोलादपूरकडे घर किंवा घरासाठी जागा बघायला गेलेल्या माणसाला चहाबरोबर एक वाक्य हमखास मिळते: ‘सातबारा क्लिअर आहे.’ मुंबईच्या चाकरमान्याला ते समोरासमोर ऐकवले जाते. दुबई, कुवेत, दोहा इथे नोकरी करणाऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले जाते, सोबत उताऱ्याचा फोटो. मागोमाग ठरलेली वाक्ये येतात. ‘बँक कर्ज देतेय.’ ‘आपलाच माणूस आहे.’ ‘तुम्ही मुखत्यारपत्र पाठवा, बाकीचं आम्ही बघतो.’ त्यातूनही कोणी दोन प्रश्न जास्त विचारलेच, तर शेवटचे अस्त्र बाहेर निघते: ‘एवढं तपासत बसलात तर जन्मात घर व्हायचं नाही.’

असे बोलणारे सगळेच लबाड नसतात. अनेकांचा त्यावर मनापासून विश्वास असतो, आणि त्यांनी स्वतःची घरेही याच भरवशावर घेतलेली असतात. म्हणूनच या युक्तिवादाला हसून सोडून देता येत नाही. तो एकेक करून खोडायला हवा, कारण त्यातले एकही विधान घर घेणाऱ्याला हवे असलेले उत्तर देत नाही.

सातबाऱ्यापासूनच सुरुवात करू. सातबारा हा मुळात महसुलाचा कागद. जमीन कोणाच्या वहिवाटीत आहे आणि सारा कोणाकडून घ्यायचा, हे सरकारला कळावे म्हणून तो ठेवला जातो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे त्यातली नोंद खरी मानली जाते, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. फेरफाराच्या नोंदीने मालकी मिळत नाही आणि जातही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने किती निकालांत सांगितले आहे, त्याची मोजदाद नको. दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत नोंदवले म्हणजे सरकारने मालकीची हमी दिली, हाही असाच लाडका गैरसमज. ते कार्यालय दस्त नोंदवते. विकणाऱ्याचा हक्क खरा आहे की नाही, याची जबाबदारी घेत नाही.

कोकणातला सातबारा वाचणे हे तर निराळेच काम. एका गटावर आजोबांच्या चुलत भावांपासून पणतूंपर्यंत नावे, आणेवारीने वाटलेले हिस्से, आणि निम्मे खातेदार परळ, डोंबिवली, नालासोपाऱ्यात. चारच भावांची नावे असलेला सुटसुटीत उतारा दिसला की खरेदीदाराला हायसे वाटते. खरे तर सावध व्हायची वेळ तीच. बहिणी कुठे गेल्या? हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. मुस्लिम कुटुंबातही मुलीला वाटा आहेच. वारस नोंद करताना नावे गाळली म्हणून हक्क गळत नाही. तो दहा वर्षांनी नोटीस होऊन दारात येतो. म्हणून नुसता ताजा ऑनलाइन उतारा बघून भागत नाही. गाव नमुना सहामधले जुने फेरफार मागे मागे काढत जावे लागतात, आणि वकिलाकडून किमान तीस वर्षांचा शोध अहवाल घ्यावा लागतो.

त्यानंतर ‘इतर हक्क’ हा रकाना. फोटोत नेमका तोच कापला जातो किंवा अंगठ्याखाली जातो. कुळाचे नाव, बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, भोगवटादार वर्ग दोनचा शेरा, पाटबंधाऱ्याचे संपादन हे सगळे तिथे किंवा त्याच्या आसपास दिसते. डोंगरउतारावरच्या जमिनीसाठी ‘खाजगी वन’ या नोंदीचा माग तर काढायलाच हवा. १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याखाली कोणता गट कधी आला, आला तर नंतर सुटला का, याचे उत्तर वन विभाग आणि तहसील दोन्हीकडून लेखी घ्यावे. शेवटी भूमी अभिलेखाची मोजणी. गट नकाशावर जमीन रस्त्याला लागून आणि प्रत्यक्षात मध्ये दुसऱ्याचे भातखाचर, हा प्रकार या भागात नवा नाही. अशा ठिकाणी घर आपले असते आणि वाट शेजाऱ्याच्या मर्जीवर.

परदेशात राहणाऱ्याची अडचण याहून मोठी. अनिवासी भारतीयाला भारतात फ्लॅट, बंगला, दुकान घेता येते. शेतजमीन, मळ्याची जमीन आणि फार्महाऊस विकत घेता येत नाही. परकीय चलन कायद्याखालचे नियम ते स्पष्ट सांगतात. वारसाने मिळाली तर गोष्ट वेगळी. शिवाय महाराष्ट्रात जो शेतकरी नाही त्याला कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. तरीही डोंगराच्या कुशीतला ‘फार्महाऊस प्लॉट’ आखातातल्या माणसाला बिनदिक्कत दाखवला जातो, आणि अडले तर तोडगाही तयार असतो: ‘भावाच्या नाहीतर चुलत्याच्या नावावर घ्या.’ पैसा एकाचा आणि नाव दुसऱ्याचे, असा व्यवहार केला की बेनामी कायद्याचा प्रश्न उभा राहतो. तो सुटला तरी घरातला प्रश्न उरतोच. चुलता गेल्यावर त्याच्या मुलांना तुमच्या घामाच्या पैशांची आठवण राहील, याची नोंद कुठल्याच उताऱ्यात होत नाही.

मुखत्यारपत्राबद्दलही तेच. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले की नुसत्या मुखत्यारपत्रावर मालकी हस्तांतरित होत नाही. म्हणजे कोणी ‘पॉवर’वर जागा विकत असेल, तर त्यामागचा मूळ मालक कोण, तो हयात आहे का आणि ते पत्र रद्द झालेले नाही ना, हे सगळे तपासावे लागते. आपण स्वतः गावातल्या माणसाला अधिकार देणार असू, तर सर्वाधिकाराचे पत्र देऊ नये. एकाच मिळकतीचे, एकाच कामाचे खास मुखत्यारपत्र द्यावे. ते भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घ्यावे आणि भारतात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक भरावा. पैसे मात्र मुखत्याराच्या हातात कधीही देऊ नयेत. ते आपल्या एनआरई किंवा एनआरओ खात्यातून थेट विकणाऱ्याच्या खात्यात जावेत. विकणाराच परदेशस्थ असेल, तर कर कापून सरकारजमा करण्याची जबाबदारी खरेदीदारावर येते, आणि तिथला दर निवासी विक्रेत्यासारखा एक टक्क्याचा नसतो. हे न करता व्यवहार उरकला, तर कराची नोटीस घेणाऱ्याच्या पत्त्यावर येते.

गंमत अशी की हाच आखातातला माणूस दुबईत फ्लॅट घ्यायला निघाला की किती तरी प्रश्न विचारतो. बिल्डरचे एस्क्रो खाते कोणते, भूमी विभागात नोंद आहे का, पैसे कोणाच्या नावाने भरायचे. दुबईने एस्क्रो खात्याचा कायदा २००७ मध्ये केला, आणि पुढच्या वर्ष-दोन वर्षांत तिथला बाजार कोसळून अर्धवट इमारती उभ्या राहिल्या तेव्हा त्याची गरज सगळ्यांना पटली. परक्या देशात केलेली चौकशी शहाणपणाची आणि गावात केलेली चौकशी अपमानाची, हा न्याय कुठला?

इथवरची तपासणी कागदांची झाली. ‘सातबारा क्लिअर’वाल्यांपैकी समजूतदार मंडळी इथपर्यंत सोबत येतीलही. माझा खरा वाद पुढे आहे. हे सगळे कागद चोख असले, तरी महाड-पोलादपुरात घर घेण्याआधीच्या तपासणीचा निम्मा भाग उरतो. कागद मालक कोण ते सांगतो. घरात पाणी किती शिरेल, मागचा डोंगर जागेवर राहील का आणि डोक्यावरचा स्लॅब टिकेल का, याविषयी तो चकार शब्द काढत नाही. गेल्या वीसेक वर्षांत या दोन तालुक्यांत माणसे मेली ती मालकीच्या वादात मेली नाहीत. पाण्याने, दरडीने आणि काँक्रीटने मेली.

२४ ऑगस्ट २०२० ची संध्याकाळ महाडकर विसरलेले नाहीत. काजळपुऱ्यातली पाच मजली तारीक गार्डन इमारत कोसळली आणि १६ जणांचा जीव गेला. इमारत उभी राहून दहा वर्षेही झाली नव्हती. बिल्डर, वास्तुविशारद, आरसीसी सल्लागार यांच्याबरोबर नगरपरिषदेच्या अधिकाऱ्यांवरही गुन्हा दाखल झाला. तिथे राहणाऱ्यांना कोणी जमिनीच्या मालकीवरून घराबाहेर काढले नव्हते. घरच त्यांच्यावर आले. अशा घटनेनंतर ‘लोकांनी बघून घ्यायला नको का’ असे म्हणणारेही भेटतात. त्यांना विचारावेसे वाटते की खांबाच्या पोटात गज किती आणि कोणते, हे संसार थाटलेल्या माणसाने भिंत फोडून बघायचे होते का? दोष रहिवाशांचा नव्हताच. प्रश्न पुढच्या खरेदीदाराचा आहे. त्याला निदान विचारण्याची मुभा आहे, आणि तीच मुभा ‘एवढं तपासू नका’ म्हणून काढून घेतली जाते.

विचारायचे काय? मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष मजले जुळतात का. भोगवटा प्रमाणपत्र आहे का. आरसीसी आराखड्यावर सही कोणत्या अभियंत्याची, आणि काम चालू असताना तो किती वेळा येऊन गेला. वाळू कुठली वापरली. सावित्रीच्या खाडीची वाळू या पट्ट्यात सहज मिळते. ती नीट धुतली नाही तर त्यातला क्षार आतले लोखंड खातो. इमारत जुनी असेल तर आधी पार्किंगमध्ये जा आणि खांबाच्या पायथ्याशी बसून बघा. गजांच्या रेषेत उभी चीर गेली आहे का, तांबूस ओघळ आहेत का, काँक्रीटची ढलपी उडून खडी उघडी पडली आहे का, की नुकताच जाड गिलावा आणि रंग मारून सगळे झाकले आहे. शंका आली तर हातोड्याच्या आणि ध्वनिलहरींच्या चाचण्या करणारे अभियंते मिळतात. मुद्रांक आणि नोंदणी यांवर किमतीच्या सहा-सात टक्के निमूट भरणारा माणूस या तपासणीच्या फीवर घासाघीस करतो, हे अजब आहे.

‘पण रेरा आहे ना?’ आहे, आणि चांगला कायदा आहे. मात्र पाचशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरचे किंवा आठ घरांपर्यंतचे प्रकल्प नोंदणीतून सुटतात, आणि तालुक्याच्या गावात अशा छोट्या इमारतीच पुष्कळ. शिवाय बांधकामातल्या दोषाची जी जबाबदारी कायदा बिल्डरवर टाकतो, ती ताब्यापासून पाच वर्षांची. घर माणूस पन्नास वर्षांसाठी घेतो. उरलेली पंचेचाळीस वर्षे खरेदीदाराच्या आधीच्या चौकशीवर उभी असतात.

‘बँकेने कर्ज दिलंय’ हा त्याहून पोकळ दिलासा. बँक बघते ती आपली वसुली. तिचा वकील मालकीचा शोध घेतो, तिचा मूल्यांकनकार किंमत ठरवतो. इमारत पडली तरी हप्ता थांबत नाही. बँकेची तपासणी बँकेसाठी असते, आणि तिचा अहवाल कर्जदाराच्या हाती क्वचितच पडतो.

आता पाणी. महाडला सावित्रीला काळ आणि गांधारी येऊन मिळतात. महाबळेश्वरावर कोसळलेला पाऊस सावित्रीतून पोलादपूरमार्गे खाली येतो, आणि त्याच वेळी बाणकोटच्या खाडीला भरती असेल तर पुढचा रस्ता बंद होऊन तो शहरात पसरतो. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरात चोवीस तासांत जवळपास ६० सेंटीमीटर पाऊस झाला. खाली महाडची बाजारपेठ बुडाली. कित्येक ठिकाणी तळमजला पुरता पाण्याखाली गेला. तरी इथे घरे दाखवली जातात ती बहुधा मे महिन्यात, जेव्हा नदीत पाण्यापेक्षा खडक जास्त दिसतात. घर बघायचे तर जुलैत बघा, आणि मेमध्येच बघायचे असेल तर भिंती वाचायला शिका. जुन्या महाडकराचे विजेचे मीटर आणि बटणे कोणत्या उंचीवर आहेत? दुकानाला माळा आहे का, आणि पुराचा भोंगा वाजला की माल वर चढवायची शिडी कुठे टेकलेली असते? ही माणसे तोंडाने काही सांगणार नाहीत कदाचित, पण त्यांनी घर कसे वापरले आहे त्यावरून पाण्याची पातळी कळते. जलसंपदा विभागाच्या पूररेषा असतात: निळी पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. आपला गट कोणत्या रेषेच्या आत आहे, हे नगरपरिषदेकडून लेखी घ्या. भातखाचरात भराव टाकून जोते उंच केले असेल तर आपण कोरडे राहू, पण ते पाणी शेजाऱ्याकडे जाईल. पुढच्या वर्षी शेजारीही भराव टाकेल.

पोलादपूरकडे आणि महाडच्या डोंगराळ गावांत प्रश्न दरडीचा. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन इथे दरडींखाली दीडशेहून अधिक माणसे गेली. २२ जुलै २०२१ ला तळियेत ऐंशीहून अधिक, आणि त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यात केवनाळे, साखर सुतारवाडी. ही सारी पिढ्यानपिढ्या वसलेली गावे होती. सातबाऱ्यांवर तिथल्या माणसांची नावे पणजोबांपासूनची. आज त्याच प्रकारच्या उतारांवर जेसीबीने डोंगर उभा कापून, सपाट पट्टा काढून, दरीकडचे ‘व्ह्यू प्लॉट’ विकले जातात. डोंगराचा पायथा कापला की वरची माती कशाच्या आधाराने राहणार, हे सांगायला भूगर्भशास्त्रज्ञ लागत नाही. प्लॉटमागची कापलेली भिंत किती उंच, तिला पाणी जायला वाट आहे का, वर भेगा आहेत का, झाडे आणि विजेचे खांब दरीकडे कलले आहेत का, पावसात नवा झरा फुटून गढूळ पाणी येते का, हे बघा. कापताना गौण खनिजाची परवानगी नसेल तर त्याचा दंड बोजा होऊन पुढे तुमच्याच सातबाऱ्यावर चढू शकतो. मग तो ‘क्लिअर’ही राहत नाही.

‘गाव दरडप्रवण यादीत नाही’ हे उत्तरही पुरेसे समजू नका. १९ जुलै २०२३ च्या रात्री याच रायगड जिल्ह्यात, खालापूर तालुक्यात, इर्शाळवाडी गाडली गेली. ती यादीत नव्हती. यादीत नाव असेल तर थांबावे. नसेल तर पुढे तपासावे, एवढाच यादीचा उपयोग.

‘ग्रामपंचायतीची एनओसी आहे’ असेही सांगतात. गावठाणाबाहेर बांधायचे तर ग्रामपंचायतीच्या नाहरकतीवर भागत नाही. सक्षम प्राधिकाऱ्याची बांधकाम परवानगी लागते. आणि घरपट्टीचा उतारा हा कराचा कागद, मालकीचा नव्हे. स्थानिक परवान्यावर विसंबल्याने काय होते, याचे उदाहरण स्पेनमध्ये मिळते. अल्मेरिया प्रांतातल्या वेरा इथे एका ब्रिटिश वृद्ध जोडप्याने नगरपालिकेचा परवाना घेऊन घर बांधले. तो परवाना द्यायलाच नको होता, असे आंदालुसियाच्या प्रादेशिक सरकारने ठरवले आणि जानेवारी २००८ मध्ये ते घर पाडले गेले. जोडप्याने सगळे नियमाने केले होते. फक्त वरच्या सरकारला विचारले नव्हते.

आता विरोधकांचा सर्वांत वजनदार मुद्दा. ते म्हणतात, पूर, दरडी आणि पडलेल्या इमारती असे सारखे बोलत राहिलात तर तालुका बदनाम होईल. महामार्ग रुंद झाला, कशेडीला बोगदा झाला, आता कुठे जागेला भाव येतोय. त्यात गरीब शेतकऱ्याचे नुकसान कशाला करता? या मुद्द्यात तथ्य आहे. दोन्ही तालुक्यांत सुरक्षित, उंच, पक्क्या पायाच्या जागा भरपूर आहेत आणि त्यांच्या मालकांना चांगला भाव मिळायलाच हवा. पण तपासणी न केल्याने त्यांचे भले होत नाही. उलट, ज्याच्या जागेत कधी पाणी आले नाही आणि ज्याच्या जागेत दोनदा आले, त्या दोघांना सारखाच भाव मिळतो, आणि फरक खरेदीदार फसल्यावर कळतो. त्यानंतर बाहेरचा माणूस सगळ्याच तालुक्याकडे संशयाने बघतो. बदनामी होते ती लपवल्यामुळे. आणि जो धोका गावातल्या पोरासोरांना ठाऊक असतो तो बाहेरच्याला न सांगता त्याच्याकडून पूर्ण भाव घेणे, याला विकास म्हणत नाहीत.

‘आपला माणूस आहे, एवढा अविश्वास दाखवू नका’ हे ऐकून तर भले भले गप्प बसतात. मला उलटे वाटते. आपला माणूस असेल तर त्याला लिहून द्यायला काय हरकत? म्हणून तपासणीचा शेवट करारनाम्यातच व्हावा. विक्रेत्याने त्यात स्पष्ट नमूद करावे: २००५ आणि २०२१ मध्ये या जागेत पाणी आले का, आले तर किती फूट, डोंगर कापला का, कधी, कोणत्या परवानगीने, आरसीसी अभियंता कोण, सगळे वारस, बहिणींसह, कोण कोण, आणि यातले काही खोटे निघाले तर इसार व्याजासह परत. नगरपरिषदेने आपल्या हद्दीतल्या इमारतींच्या संरचना तपासणीचे अहवाल आणि पूररेषांचे नकाशे कार्यालयाच्या फलकावर लावावेत, म्हणजे प्रत्येक खरेदीदाराला माहिती अधिकाराचा अर्ज घेऊन खेटे घालावे लागणार नाहीत. हे शासनाचे काम आहे, आणि ते होत नाही तोवर खरेदीदाराने स्वतः विचारणे याला पर्याय नाही.

करारनाम्यातले हे कलम वाचून विक्रेता सही करील किंवा म्हणेल, ‘असलं काही आमच्याकडे लिहीत नाहीत.’ सही केली तर सातबाऱ्यापलीकडची खात्री झाली. नाही केली तर इसार देऊ नका, आणि पुढची जागा बघा.